पिचरशी कुणी बोलत नाही

एप्रिलमध्ये फ्रीमाँटच्या पूर्वेकडच्या टेकड्या अजून हिरव्या असतात. मे संपता संपता त्या वाळल्या गवताच्या रंगाच्या होतात आणि पुढे नोव्हेंबरपर्यंत तशाच राहतात. हिरवेपणाच्या या थोड्या दिवसांतच कधीतरी शेजारच्या कुंपणापलीकडून रेडिओ सुरू होतो. वॉल्टर टोमॅटोच्या वाफ्यात वाकलेला असतो, रेडिओ खिडकीच्या कठड्यावर ठेवलेला असतो, आणि त्यातून एक संथ आवाज मैदानावर काय चाललंय ते सांगत राहतो. मध्येच बॅटचा ‘ठाक’ असा आवाज येतो आणि त्यामागून गर्दीची लाट. बेसबॉलचा सीझन परत आलेला असतो.

परवा तो ‘ठाक’ ऐकू आला तेव्हा मी चहा टाकत होतो. चहा उतू गेला, गॅस विझला, आणि मी कुंपणाकडे बघत तसाच उभा राहिलो. गेल्या वर्षीचा उन्हाळा माझ्या अंगावरून अजून उतरलेला नाही, हे मला त्या आवाजाने कळलं.

मी या देशात २००१ साली आलो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील मलकापूरला जिनिंग फॅक्टरीत वजनकाट्यावर होते. त्यांना इंजिनिअर म्हणजे पूल बांधणारा माणूस एवढंच माहीत होतं, आणि मी कॉम्प्युटरवर नेमकं काय करतो हे मी त्यांना कधी नीट सांगू शकलो नाही. शाळेने, कॉलेजने, शिष्यवृत्तीने आणि दोन-तीन भल्या मास्तरांनी मला उचलून इथवर आणलं. त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय काही नाही. पण या प्रवासात एक समजूत माझ्या हाडात मुरली: अडचण आली की जास्त अभ्यास करायचा. गणित सुटलं नाही, जास्त अभ्यास. इंग्रजी जमलं नाही, जास्त अभ्यास. नोकरी, व्हिसा, ड्रायव्हिंगची परीक्षा, सगळ्याला तेच एक औषध. आणि ते लागूही पडत गेलं.

बेसबॉलही मी अभ्यास करूनच शिकलो. मास्तर होता वॉल्टर. आयुष्यभर ट्रकची इंजिनं दुरुस्त केलेला, सत्तरीचा, एकटा राहणारा माणूस. त्याला नुसतं ‘वॉल्टर’ म्हणायला माझी जीभ वर्षभर वळली नाही. आपल्याकडे त्या वयाच्या माणसाला अशी नावाने हाक मारली तर घरी फटका बसला असता. माझ्या बायकोने, अश्विनीने, त्यावर लगेच तोडगा काढला. ती त्याला ‘वॉल्टरकाका’ म्हणू लागली, आणि ते त्याच्या नावाचंच शेपूट आहे असं समजून तोही ओ देऊ लागला.

मला सुरुवातीपासून आवडला तो होमरन. क्रिकेटच्या षटकारासारखाच, चेंडू कुंपणापार. पण इथे तो मारला की बॅटरने चारही कोपरे फिरून यायचं, आणि त्याला कुणी अडवायचं नाही. एक फटका, आणि हिशेब साफ. वर त्याचे विक्रम. कुणी किती मारले, कोणत्या वर्षी, आयुष्यभरात किती. सगळं पाठ करता येण्यासारखं. मी ज्या जगातून आलो तिथे ‘बोर्डात आला’ हे शब्द देवाच्या नावासारखे उच्चारले जात. मला विक्रम आवडणार नाही तर काय?

२००७ सालच्या त्या उन्हाळ्यात खाडीच्या समोरच्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोत, आयुष्यभरातल्या होमरनचा सगळ्यात मोठा विक्रम मोडायच्या बेतात होता. ऑफिसात दुसरा विषय नव्हता. त्या काळात सगळ्याच मोठ्या फटकेबाजांभोवती संशयाचं धुकं होतं. कुणाचं बळ कसरतीचं आणि कुणाचं औषधाच्या बाटलीतलं, यावर लोक जेवणाच्या सुट्टीत हमरीतुमरीवर येत. मी त्या वादात पडत नसे. आमच्या दहावीच्या केंद्रावर खिडकीतून चिठ्ठ्या यायच्या. मी एकही घेतली नाही, पण पुढे तालुक्याच्या कॉलेजात अर्ज भरताना तिथला कारकून गुणपत्रिका बघून हसला आणि म्हणाला, “हां, त्या केंद्राचे मार्क.” तेव्हापासून माझं मत असं आहे की खोटेपणाची झळ सगळ्यात आधी खरेपणाने खेळणाऱ्याला लागते. त्या एका काळात खेळलेल्या सगळ्यांनाच लोक आता ‘त्या केंद्राचे’ म्हणणार. कोण काय होतं, मला माहीत नाही. फटका बसला की मी मात्र उठून टाळ्या वाजवत होतो.

अश्विनी उठत नव्हती. तिला उठायची परवानगी नव्हती.

ती तेव्हा गरोदर होती. मेच्या मध्याला, सोळाव्या आठवड्यात, डॉक्टरांनी गर्भाशयाच्या तोंडाशी टाका घातला आणि सांगितलं की आता पडून राहायचं. डाव्या कुशीवर. बाथरूमपुरतं उठायचं. दोन वर्षांपूर्वी आमचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं, कसलीही सूचना न देता, एका शनिवारी दुपारी. तसं पुन्हा होऊ नये म्हणून हा टाका आणि हे पडून राहणं. मी डॉक्टरांना विचारलं, आणखी काय करता येईल? त्या म्हणाल्या, “वाट बघायची. एकेक आठवडा पुढे ढकलायचा.” मी वही काढली होती. वहीत लिहायला काही नव्हतं.

आमच्या बैठकीच्या खोलीत सोफा अशा जागी होता की डाव्या कुशीवर झोपलं की समोर टीव्हीच येई. अश्विनी मूळची नागपूरची, खेळाशी काही देणंघेणं नसलेली, केमिस्ट्रीतली एम.एस्सी. पहिला आठवडा तिने मालिका बघितल्या, दुसऱ्या आठवड्यात कंटाळली, आणि तिसऱ्या आठवड्यात मी कामावरून आलो तर म्हणाली, “अरे, हा चेंडू टाकणारा पिचर बघ ना. दोन तासांत एकदाही हसला नाही.”

तेव्हापासून घरात दोन पक्ष झाले.

“तुझ्या त्या फटकेवाल्यांचं काय कौतुक?” ती म्हणायची. “चार वेळा येणार, तीनदा हात हलवत परत जाणार, एकदा मारणार. आणि मग कसा रमतगमत फिरून येतो, वरातीतला नवरदेव जसा.”

“एका फटक्यात मॅच फिरते, बाई.”

“आणि हा? हा शंभर चेंडू टाकतो. शंभर वेळा तेच. एक चुकला की तुझा नवरदेव नाचणार. मला तर याचीच दया येते यार, एकटाच उभा त्या मातीच्या उंचवट्यावर.” मग स्वयंपाकघराकडे तोंड करून: “प्रकाश! कांदा करपतोय, वास येतोय मला. मोहरीनंतर गॅस कमी कर म्हटलं होतं.”

तिने पडल्या पडल्या मला स्वयंपाक शिकवला आणि पडल्या पडल्या पिचिंग शिकली. चेंडू कुठल्या बोटांवर धरला की शेवटच्या क्षणी खाली जातो, कुठला डावखुरा बॅटरला कसा फसवतो, पहिले दोन चेंडू बॅटरला चकवून गेले की पिचर किती वेगळा माणूस होतो. तिच्या मते मोठा पिचर तो नव्हे जो सगळ्यात वेगाने टाकतो. मोठा तो, ज्याला काल मार बसलाय आणि तरी आज त्याच कोपऱ्यात टाकायची हिंमत आहे. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. मी आकड्यांचा माणूस. पण मी बघत होतो की ती बोलते पिचरबद्दल आणि तिचा हात असतो पोटावर.

आम्ही कुणालाच काही सांगितलं नव्हतं. पहिल्या वेळी मी आठव्या आठवड्यातच मलकापूरला फोन केला होता. तिसरा महिना उलटेपर्यंत बोलायचं नसतं हे मला ठाऊक होतं, अश्विनीने हात धरून सांगितलंही होतं, पण मला राहवलं नाही. आईने आनंदाने सबंध गल्लीत पेढे वाटले. त्यानंतर अडीच महिन्यांनी तिला त्याच गल्लीत तोंड दाखवायचं होतं. या खेपेला आम्ही तिलाही सांगितलं नाही. रविवारच्या फोनवर मी पावसाबद्दल, कापसाबद्दल, तिच्या गुडघ्यांबद्दल विचारत बसायचो, आणि अश्विनी ‘बाहेर गेलीय’ असायची.

जुलैतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी वॉल्टर टोमॅटोंची पिशवी घेऊन आला आणि मॅच बघायला थांबला. त्याची एक पद्धत होती. तो मॅच नुसती बघत नसे. मांडीवर एक पुठ्ठा, त्यावर चौकटींचा कागद, कानावर पेन्सिल. प्रत्येक बॅटरचं काय झालं ते तो त्या चौकटीत बारीक खुणांनी लिहायचा. त्या दिवशी टीव्हीवर एक कोवळा, मिसरूड न फुटलेला पिचर होता, दुसऱ्याच कुठल्या तरी शहराचा. तीन इनिंग झाल्या, पाच झाल्या, सहा झाल्या. समोरच्या संघाला एकही हिट मिळाली नव्हती. म्हणजे एकाही बॅटरला चेंडू मोकळ्या जागेत मारून धड पहिल्या बेसच्या कोपऱ्यापर्यंत पोचता आलं नव्हतं. नऊच्या नऊ इनिंग असं झालं तर ती पिचरच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. हजारात एखादीच मॅच तशी होत असेल.

वॉल्टर एरवी बडबड्या. पाचव्या इनिंगनंतर तो गप्प झाला. अश्विनीही गप्प. टीव्हीवर खेळाडूंचा बाक दाखवत होते. तो पोरगा एका टोकाला बसला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती. मला वाटलं, याच्याशी कुणाचं पटत नाही की काय.

सातव्या इनिंगमध्ये माझ्याच्याने राहवलं नाही. “वॉल्टर,” मी म्हणालो, “अजून एकही हिट नाही! लक्षात आलं का तुझ्या?”

वॉल्टरने पेन्सिल पुठ्ठ्यावर ठेवली आणि डोळे मिटले. शाळेत राष्ट्रगीत चालू असताना कुणी मोठ्याने शिंकावं, तसं मला झालं.

“ते बोलायचं नसतं, बेटा,” तो त्याच्या इंग्रजीत शांतपणे म्हणाला. “कुणीच नाही. त्याचे सोबती त्याच्या शेजारी बसत नाहीत, त्याच्याशी बोलत नाहीत. तो शब्द उच्चारत नाहीत.”

पुढच्याच बॅटरने चेंडू तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या डोक्यावरून मारला. मऊ, साधा फटका. गवतावर टप्पा पडला. हिट.

अश्विनी खदखदून हसली. “तू ना प्रकाश, पक्का पनवती आहेस!”

आणि मग तिचं हसू होतं तिथेच थांबलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो आणि दोघांना मलकापूरचे पेढे आठवत होते. वॉल्टरला मराठी येत नव्हती, पण त्याने पुठ्ठा उचलला आणि उद्या लवकर उठायचंय असं काहीसं पुटपुटत तो निघून गेला.

“मी तसं नव्हतं म्हटलं,” अश्विनी म्हणाली.

“माहीत आहे मला.”

“खरंच नव्हतं.”

“अगं माहीत आहे.”

मी विज्ञान शिकलेला माणूस आहे. माझा शब्द फ्रीमाँटच्या खोलीतून निघून हजार मैलांवरच्या चेंडूपर्यंत पोचत नाही, आणि फोनवर आईला सांगितल्याने गर्भाशयाचं तोंड उघडत नाही. हे मी स्वतःला समजावू शकतो, दुसऱ्यालाही समजावू शकतो. पण त्या रात्रीपासून मी घरात ‘बाळ’ हा शब्द काढला नाही. अश्विनीनेही नाही. आम्ही आठवडे मोजायचो आणि कशाचे आठवडे ते म्हणायचो नाही.

दोन दिवसांनी कुंपणापाशी मी वॉल्टरची माफी मागितली. तो टोमॅटोचा वेल काठीला बांधत होता. मग मी, का कोण जाणे, त्याला सगळं सांगून टाकलं. पहिलं मूल, आईचे पेढे, टाका, सगळं. आपल्या माणसांना न सांगितलेलं त्या परक्या म्हाताऱ्याला. त्याने सुतळीची गाठ आवळली.

“त्या नियमाने पिचरचं काही होत नाही,” तो म्हणाला. “त्याला चेंडू टाकायचाय, तो टाकतो. तो नियम बाकावरच्या लोकांसाठी आहे. त्यांच्या हातात काहीच नसतं ना. मग निदान गप्प बसायचं तरी काम मिळतं.”

चोविसावा आठवडा पार पडला तेव्हा मी अश्विनीला विचारून आईला फोन केला. ती तिकडून म्हणाली, “मला दोन महिन्यांपासून माहीत आहे.”

“कुणी सांगितलं?”

“तू उगाच कापसाचा भाव विचारायला लागलास की मला कळतं रे. अश्विनीला म्हणावं, पडून राहा. आणि मी या वेळी कुणाला नाही बोलले. तुझ्या बाबांनासुद्धा नाही.” मग हळू आवाजात, “देवासमोर पण नाही बोलले. नुसते हात जोडते.”

ऑगस्टच्या सुरुवातीला तो विक्रम मोडला. मी वसंतापासून ज्या फटक्याची वाट पाहत होतो तो मी पाहिला नाही. त्या संध्याकाळी अश्विनीच्या पोटात कळा येऊन जात होत्या, आणि मी स्वयंपाकघरात फोनवर दवाखान्याच्या नर्सची वाट पाहत होतो. कानात कसलंसं वाद्यसंगीत वाजत होतं. टीव्हीचा आवाज बंद केलेला. एकाएकी आमच्या सबंध वसाहतीतून, उघड्या खिडक्यांतून, एक आरोळी उठली. कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला. वॉल्टरच्या घरातून काही आवाज आला नाही.

“झालं वाटतं तुझं,” अश्विनी सोफ्यावरून म्हणाली.

“हो.”

“बघ ना जाऊन. पुन्हा दाखवत असतील.”

मी गेलो, तिच्या शेजारी जमिनीवर बसलो, फोन कानालाच होता. पडद्यावर लोक नाचत होते. मला वाटलं होतं त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी येईल. मला एवढंच कळत होतं की तिने माझा खांदा घट्ट धरलाय आणि दर सहा-सात मिनिटांनी ती पकड आवळतेय.

त्या वेळी कळा थांबल्या. दहा दिवसांनी थांबल्या नाहीत. एकोणतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. सव्वा किलोला थोडी कमी.

तिला आता आठवा महिना चालू आहे. ऑक्टोबरमध्ये घरी आली, तेव्हा सीझन संपत आला होता. हसते, दूध पिते, पण मान धरायला वेळ लावला आणि डाव्या हाताची मूठ अजून नीट उघडत नाही. डॉक्टर म्हणतात, असं काही मुलांचं आपोआप सुटतं, काहींचं नाही. दोन वर्षांची होईपर्यंत सांगता येणार नाही. मी अभ्यास करायचा प्रयत्न केला. छापील कागदांचा गठ्ठा आहे माझ्याकडे, पिवळ्या शाईने रेघा मारलेला. त्यातल्या एकाही कागदावर माझ्या मुलीबद्दल काही लिहिलेलं नाही. अश्विनी तिला मांडीवर घेऊन मॅच लावते. “हा बघ, हा डावखुरा,” असं तिला सांगते, आणि ती छोटी मूठ आपल्या अंगठ्याने हळूच उघडून बघते. मिटते. पुन्हा उघडते. मला होमरनचे आकडे आता आठवत नाहीत असं नाही, आठवतात. पण परवा त्यातला एक सांगायला गेलो आणि मधेच सोडून दिला.

त्या सगळ्या उन्हाळ्यातली एक दुपार मात्र जशीच्या तशी आहे. ती जन्मल्यावरचा चौथा दिवस. अश्विनी वरच्या मजल्यावर तापाने पडलेली, आणि मी एकटा त्या अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीसमोर. पोरगी निळसर पडली की पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा खाली यायचा, घंटी वाजायची, आणि ग्रेस नावाची फिलिपिनो नर्स येऊन काहीतरी करायची. मी तिला रोज तेच विचारत होतो: मी काय करू? काय वाचू? त्या दिवशी ती म्हणाली, “हात धू. कोपरापर्यंत.”

मी धुतले. तिने पेटीच्या बाजूच्या दोन गोल खिडक्या उघडल्या.

“एक हात डोक्यावर, एक पायांवर. कुरवाळू नकोस. कुरवाळलेलं तिला अजून सोसत नाही, त्रास होतो. नुसता ठेव.”

“किती वेळ?”

“ते ती ठरवेल.”

मी हात आत घातले. आत दमट, उबदार हवा होती. तिचं डोकं माझ्या तळव्यात मावून जागा उरली. ती दचकली, पाय ताणले, माझ्या बोटांवर लाथ बसली. फुलपाखराने धडक द्यावी तेवढी. पडद्यावरचा आकडा खाली घसरू लागला. घंटी वाजली. मी हात काढायला गेलो.

“हलू नकोस,” ग्रेस पाठीमागून म्हणाली.

माझा खांदा भरून आला होता. घामाचा एक थेंब नाकावरून खाली येत होता. आकडा आणखी एकाने उतरला, तिथे थांबला, आणि मी हललो नाही.